ओली कांडी, सुकी कांडी

आमच्या आतोबांइतका आकड्यांवर जीव टाकणारा माणूस लालबाग-परळच्या हद्दीत दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याइतका बेमालूम खोटा आकडा लिहिणाराही झाला नसेल. यातलं पहिलं मला फ्रॉक घालायच्या वयापासून ठाऊक होतं. दुसरं कळायला माझ्या मुलीची बारावी व्हावी लागली.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. माणूस मालवणकडचा, राहायला लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, आणि उभी हयात गेली ती गिरणीच्या विणकाम खात्यात. तिथली हवा मुद्दाम दमट ठेवायची, नाहीतर धागा तुटतो. ती किती दमट आहे हे पाहायला भिंतीवर दोन थर्मामीटर असत. एक नुसता, ती सुकी कांडी; दुसऱ्याच्या बुडाला ओलं फडकं आणि फडक्याचं टोक पाण्याच्या बाटलीत, ती ओली कांडी. ओलीचा पारा खाली असे, दोन्हींमधलं अंतर बघून हवेतला ओलावा कळे, आणि ते आकडे वहीत चढवायचं काम आतोबांकडे होतं. गिरणी बंद पडली तेव्हा कुणी आठवण म्हणून स्टूल आणलं, कुणी मागाचा धोटा आणला. आतोबांनी ते दोन थर्मामीटर आणले. विचारून आणले, असं ते शपथेवर सांगत. आत्या म्हणायची, "कोणाला विचारलंत? गेटच्या कुलपाला?"

तेव्हापासून चाळीच्या गॅलरीत ओली कांडी आणि सुकी कांडी शेजारी शेजारी टांगलेल्या. सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत. एप्रिल-मे महिन्यात मसाल्याच्या मिरच्या वाळत घालायच्या तर चाळीतल्या बायकांनी आधी आतोबांना विचारायचं. ते चष्मा कपाळावर चढवून अंतर मोजत आणि कोर्टाचा निकाल लागावा तसं सांगत, "आज नको. उद्या घाला." एकदा पहिल्या मजल्यावरच्या एका वहिनींनी न विचारता पाच किलो बेडगी गच्चीवर पसरली आणि तिला बुरशी धरली. आतोबांनी पुढची दहा वर्षं त्या वहिनींना जिन्यात गाठून त्या दिवसाचं अंतर ऐकवलं. आत्याला मात्र या सगळ्याचं काडीचं कौतुक नव्हतं. ती आभाळाकडे बघायची, नाक वर करून वास घ्यायची आणि खुशाल मिरच्या पसरायची. तिच्या कधी बिघडल्या नाहीत, हे आतोबांनी वहीत लिहिलं नाही.

मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. पण त्या खात्यातली सगळीच माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायची. कान गेले तरी आतोबांची ही विद्या गेली नाही, उलट धारदार झाली. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते तेव्हा मुलाच्या आईने नवऱ्याकडे झुकून हळूच म्हटलं, "सावळीच आहे हो." खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेले आतोबा खणखणीत आवाजात म्हणाले, "सावळीच आसा. पोहे खावा आणि निघा." स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कधीच कळलं नाही. पाहुणे गेले आणि आत्या आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. बहीण मात्र अजून सांगते, त्या दिवशी आतोबांनी मला वाचवलं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. सगळा जीव माझ्या सायलीवर. आत्या गेली त्याला वर्ष होत आलं होतं, खोलीत एकटेच असायचे, म्हणून सायली क्लासवरून येताना रोज लालबागला उतरायची. बारावीनंतर डेटा सायन्समध्ये पदवी करायची आणि त्याच्या जोडीला एखाद्या विषयात विशेष अभ्यास घ्यायचा, असं तिने ठरवलं होतं. चार वर्षं, आठ सत्रं. मुख्य विषय ठरलेला. जोडीचा कोणता, यावर आमच्या घरात रोज वाद. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, फायनान्स घे, नोकऱ्या तिथे आहेत. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मीही फायनान्सच म्हणत होते.

आतोबांनी हा सगळा कारभार ताब्यात घेतला. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे पट्टीने आठ रकाने आखले. प्रत्येक सत्रात काय शिकायचं ते सायलीकडून वदवून घेऊन शाईने लिहिलं. जोडीच्या विषयाचा रकाना तेवढा कोरा. रोज तिला समोर बसवून एकच प्रश्न, "डेटा कसलो गो? चाळण घेतलंस, बरा केलंस. चाळतलंस काय?" सोमवारी त्यांना वाटे, तिने पाण्याचा अभ्यास घ्यावा. मंगळवारी हवामान. बुधवारी त्यांनी मिरचीवर संशोधन सुचवलं. सायली हसून हसून लोळायची आणि घरी येऊन मला त्यांची नक्कल करून दाखवायची.

एका कॉलेजच्या अर्जासोबत छोटा प्रकल्प मागितला होता. स्वतः मिळवलेले आकडे घ्या, त्यांचा आलेख काढा, त्यातून काय दिसतं ते लिहा. आतोबांना हे कळताच ते उठले, कपाटातून आत्याच्या नऊवारीखालची एक वही काढली आणि तिच्या हातात दिली. शेवटची दोन वर्षं आत्याला श्वासाचा त्रास होता. बोटाला ऑक्सिमीटरची डबी लावून आतोबा सकाळ-संध्याकाळ रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा लिहीत. आत्याला तीन जिने उतरवत नव्हते, म्हणून दर आठवड्याला तिच्याऐवजी वहीच दवाखान्यात जायची. डॉक्टर पानं चाळून म्हणत, "छान आहे की. हीच औषधं चालू ठेवा." आतोबा वही सायलीला देताना म्हणाले, "तुझ्या आजयेचो श्वास आसा ह्या. जपून वापर."

चार दिवसांनी सायली आणि मी दोघी लालबागला गेलो. आतोबा आत चहा करत होते. सायलीने मला गॅलरीत ओढलं आणि कठड्याला पाठ टेकून लॅपटॉपवर आलेख दाखवला. पट्टीने आखल्यासारखी रेघ. दोन वर्षं सत्त्याण्णव, शहाण्णव, परत सत्त्याण्णव. आत्या गेली त्या दिवशी सकाळीही सत्त्याण्णव. सायली अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "आई, माणसाचं असं नसतं गं. हे मोजलेले आकडे नाहीत." माझ्या डोळ्यांसमोर आत्याची निळसर नखं आली. उशांना टेकून रात्रंदिवस बसलेली आत्या आली. मी म्हटलं, "त्यांना बोलू नकोस. दुसरं काहीतरी घे प्रकल्पाला."

आम्ही दोघी विसरलोच होतो. मान वर केली तर आतोबा समोर खिडकीत उभे, हातात गाळणं, आणि नजर आमच्या ओठांवर.

त्यांनी गाळणं खाली ठेवलं आणि चहा तसाच सोडून कॉटवर बसले. त्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा इतका हळू ऐकला. "गिरणीत साहेबाला पाहिजे तो आकडा लिहायचो. तपासणीवाला यायच्या आधी पंधरा दिवसांचा भरून तयार. तशीच सवय. पण हिचं तसं नव्हतं गो. ही विचारायची, किती आले? मी डबी माझ्याकडे वळवून धरायचो आणि सांगायचो सत्त्याण्णव. तिला बरं वाटायचं. मग वहीत दुसरा कसा लिहू? ती दुपारची वही वाचत बसायची." मग म्हणाले, "डॉक्टरांना तीच दाखवली. दुसरी नव्हतीच. मला वाटलं, औषध चालू आहे ना."

चहा उतू गेला, मी जाऊन गॅस बंद केला. सायली रडत त्यांना सांगायला लागली की आजोबा, मी हे देणारच नाही, मी मिरच्यांचं करते. तर ते एकदम ताठ झाले. "हाच द्यायचो. आणि वर पहिल्या ओळीत लिही, ही वही खोटी आहे. कोणी लिहिली ते लिही. कशासाठी लिहिली ते पण लिही." नाव तिने घातलं नाही. बाकी सगळं त्यांच्या शब्दांत लिहिलं. प्रवेश मिळाला. कॅलेंडरच्या पानावरच्या कोऱ्या रकान्यात तिने पेन्सिलीने लिहिलं, आरोग्य. आतोबांनी ते शाईने गिरवलं. माझा नवरा त्या दिवसापासून फायनान्सचं नाव काढेनासा झाला.

सायली दुसऱ्या वर्षाला असताना आतोबांना धाप लागायला लागली. डॉक्टर नकोत, माणसं नकोत, गॅलरीतल्या दोन कांड्या बऱ्या, असा हट्ट. एका रविवारी सायलीने ती जुनी डबी शोधून त्यांच्या बोटाला लावली आणि नकळत स्वतःकडे वळवून धरली. मी तिच्या मागे उभी होते. आकडा सत्त्याऐंशी होता. आतोबांना डबी दिसत नव्हती, ते तिच्या तोंडाकडे बघत होते. खरं सांगते, त्या क्षणी मी मनात म्हणत होते, बाई गं, सत्त्याण्णव म्हण. एवढासा तर फरक आहे. ओठ नीट हलवून, सावकाश सायली म्हणाली, "सत्त्याऐंशी, आजोबा."

"परत सांग," ते म्हणाले. तिने परत सांगितलं.

त्यांनी उशाखालून नवी वही काढली, तारीख घातली, सत्त्याऐंशी लिहिलं आणि वही तिच्याकडे सरकवली. "आता मला ने डॉक्टराकडे." चाळीतल्या चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना तीन जिने खाली आणलं. प्रत्येक वळणावर ते खणखणीत आवाजात उचलणाऱ्यांना सूचना देत होते. पहिल्या मजल्यावर त्या वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनाही बेडगीच्या दिवसाचं अंतर ऐकवलं.

त्यानंतर त्यांना आठ महिने मिळाले. गणपती पाहिले, दिवाळीचा फराळ खाल्ला, वहीत एकही सत्त्याण्णव लिहिला नाही. वेळेवर नेलं असतं तर आत्यालाही असे आठ महिने मिळाले असते का, हे ते सायलीला विचारतील अशी मला शेवटपर्यंत भीती होती. त्यांनी विचारलं नाही. मीही अजून विचारलेलं नाही.

ओली कांडी आणि सुकी कांडी आता परळला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहेत. मिरच्या मी तयार आणते, त्यामुळे त्यांचा उपयोग काही नाही. पण बाटलीतलं पाणी आटलं की फडकं सुकतं आणि दोन्ही कांड्या एकच आकडा दाखवायला लागतात, मग सायली कॉलेजला निघता निघता ओरडते, "आई, पाणी बघ, खोटं दाखवतेय ती." मी हातातलं काम टाकून बाटली भरते. आतोबांची फार आठवण येते तेव्हा. फडकं भिजून ओल्या कांडीचा पारा हळूहळू खाली उतरेपर्यंत मी तिथेच उभी राहते.