नरसिंहरावांची एकादशी

नरसिंहराव शिंप्यांचं पोट कापायची वेळ आली ती माझ्या एका शब्दामुळे. शब्दही काही जगावेगळा नव्हता. अन्न.

ही १९६१ची गोष्ट. निपाणीत शाळा आणि बेळगावात कसंबसं बी. एस्सी. उरकून मी बंगळूरला आलो होतो. तिथल्या एका मोठ्या इस्पितळात पोटाच्या आणि यकृताच्या विकारांवर संशोधन चाललं होतं, त्यात मला चिकटवून घेतलं. ‘संशोधन’ हा शब्द मी घरच्या पत्रात दोनदा अधोरेखित केला. प्रत्यक्षात माझं काम एवढंच, की अल्सरच्या रोग्यांना आदल्या दिवशी पथ्य समजावून सांगायचं आणि सकाळी बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या.

तपासणी अशी असे. रोग्याने उपाशीपोटी यायचं. त्याच्या नाकातून बारीक रबरी नळी पोटात सोडायची, आत जे असेल ते पिचकारीने ओढून घ्यायचं, मग पातळ पेज पाजून दर पाव तासाने पुन्हा ओढायचं आणि आम्ल किती सुटतं ते मोजायचं. उपाशी पोटातून चमचा-दोन चमचे रस निघावा. त्याऐवजी कालचं जेवण निघालं, तर पोटाचं खालचं दार आखडलंय असं समजायचं. मग औषध नाही, सुरी.

नरसिंहराव आले ते नाकावर चष्मा आणि गळ्यात टेप अशा थाटात. टेप काढायचं विसरले होते. दुकान चिकपेठेच्या मागच्या गल्लीत. पूर्वज कुठल्याशा मराठा सरदाराच्या फौजेबरोबर तंबू शिवत आले होते. फौज परत गेली, शिंपी राहिले. त्यांचं मराठी म्हणजे तीनशे वर्षं कन्नडात भिजत घातलेलं मराठी. चांगलं फुगलेलं आणि मऊ.

“निपाणीचे काय तुम्ही? म्हणजे आमचेच की हो!” म्हणाले आणि मला धाकटा भाऊ करून लगेच तुम्हीवरून तूवर आले. “सांग तम्मा, काय पथ्य?”

“उद्या सकाळी यायचं अण्णा. रात्री आठनंतर अन्न घ्यायचं नाही. अजिबात.”

“अन्न नाही.” त्यांनी मान डोलावली. “पाणी?”

“घोटभर चालेल.”

“सरी, ठीक. एवढंच ना? हे आम्हाला नवं नाही.”

किती समजूतदार रोगी, असं मला वाटलं.

सकाळी आमचे साहेब डॉक्टर भीमाचार्य यांनी पिचकारी ओढली, ती जड लागली. पुन्हा ओढली. पांढुरकी दाट पेज आली, तिच्यात रव्याचे फुगलेले कण. डॉक्टरांचा चेहरा उजळला. आमच्या मास्तरांना पोरांच्या वहीत व्याकरणाची चूक सापडली की ते असेच उजळायचे.

“हा रात्रीपासून उपाशी आहे ना? विचारा त्याला.”

मी वाकून विचारलं, “अण्णा, अन्न घेतलं होतं का?”

नाकातली नळी हलवत नरसिंहरावांनी जोरात नकाराची मान हलवली. हत्तीचं पिल्लू सोंड हलवतं तशी. वर आकाशाकडे बोट दाखवून देवाची साक्षही काढली.

झालं. क्ष-किरणांचा फोटो आधीच धूसर आला होता, त्याचा अर्थ आता डॉक्टरांना स्पष्ट दिसू लागला. सर्जनसाहेबांशी बोलणं झालं आणि पुढचा गुरुवार ठरला.

भरती व्हायचा निरोप घेऊन मी दुकानात गेलो तेव्हा संध्याकाळ होती. बंगळूरच्या त्या संध्याकाळी अजून आठवतात. गल्लीत ऊन तिरकं, कुणाकडे तरी कॉफी भाजल्याचा वास, आणि दुकानात कोऱ्या कापडाच्या खळीचा. एरवी तिथे मशीनची खडखड चाललेली असायची. त्या दिवशी मशीन बंद. नरसिंहराव एका लग्नाच्या कोटाची बाही मांडीवर घेऊन नुसते बसले होते.

“उसवायला काही नाही तम्मा,” ते म्हणाले. “कुणीही उसवतं. शिवणारा कसा आहे ते सांग. टाका बारीक घालतो की ढोबळ?”

“फार चांगले सर्जन आहेत, अण्णा.”

“असतील. त्यांनी शिवलेलं एखादं पोट बघायला मिळेल काय?”

मी हसलो. ते हसले नाहीत. बाहीची सुरकुती अंगठ्याने दाबत म्हणाले, “आमचा थोरला पण गेला होता, पोट उघडून घ्यायला. अंगात नवा सदरा घालून गेला. मीच शिवलेला. सदरा तेवढा परत आला.”

एवढ्यात मागच्या खोलीतून त्यांच्या बायको, अहल्याअक्का, बशी घेऊन आल्या. नवऱ्याच्या काळजीने डोळे सुजलेले, पण आल्या-गेल्याला रिकाम्या तोंडी पाठवायचं नाही हे व्रत चालू.

“घ्या. उप्पिट्टु आहे. आज एकादशी, घरात अन्न नाही.”

मी घास घेतला, चावला, आणि थांबलो.

“अक्का, उप्पिट्टु आहे. मग अन्न नाही कसं?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. निपाणीच्या शाळेत नेमकं काय शिकवतात, असा भाव. “उप्पिट्टु म्हणजे अन्न काय? अन्न म्हणजे अन्न. तांदळाचं. अन्न-सारू, दहीअन्न. एकादशीला ते नाही, म्हणून उप्पिट्टु.”

“आणि तपासणीच्या दिवशी?”

“तुम्हीच नाही का सांगितलंत अन्न नको? पहाटे उठून केलं की ताटभर उप्पिट्टु. नळी घालणार म्हणून कोथिंबीर तेवढी घातली नाही.”

“दोनदा घेतलं,” नरसिंहरावांनी पुस्ती जोडली. “दवाखान्याला काय उपाशीपोटी जायचं?”

आमच्याकडे निपाणीत भाकरी अन्न, भात अन्न, शिळा तुकडाही अन्न. पानात टाकलं तर आई ओरडायची, “अन्नाचा अपमान करू नको!” आणि इथे साडेतीनशे मैलांवर अन्न म्हणजे फक्त भात. उरलेला घास खाली गेला तेव्हा नळीच गिळल्यासारखं वाटलं.

“अण्णा,” मी म्हणालो, “तुमच्या पोटाचं दार बहुतेक उघडंच आहे. आखडलंय ते माझं डोकं.”

त्यांना नीट सांगितल्यावर अक्कांनी आधी देवाला हात जोडले आणि मग माझ्या बशीत आणखी एक डाव वाढला. नरसिंहराव मात्र गंभीर होते. “तुझे डॉक्टर मानतील काय? आता सर्जनने धार लावून ठेवली असेल.”

दुसऱ्या दिवशी भीमाचार्यांपुढे उभा राहिलो तेव्हा निपाणीची परतीची गाडी मला डोळ्यांपुढे दिसत होती. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“म्हणजे मी उप्पिट्टुवर शस्त्रक्रिया करायला लावत होतो?”

“होय, सर.”

“आज सकाळी मीही तेच खाऊन आलोय.” त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. “माझ्या घरीही एकादशीला अन्न नसतं हो. नळी घातलेल्या माणसाला तुमच्या तोंडून विचारण्यापेक्षा मीच आधी कन्नडातून विचारायला हवं होतं. जा. तपासणी पुन्हा. आणि या वेळी नीट सांगा.”

या वेळी मी दुकानात उभा राहून अन्न, उप्पिट्टु, दोसे, केळं, अक्कांच्या हातचं आणि हॉटेलातलं, सगळं एकेक करून बंद केलं.

“तंबाखू?” नरसिंहरावांनी बारीक आवाजात विचारलं.

“तोही.”

“मग जगायचं कशावर?”

“घोटभर पाण्यावर.”

सकाळी नळी पुन्हा आत गेली. डोळ्यांतून पाणी काढत नरसिंहराव माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, की मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. डॉक्टरांनी पिचकारी ओढली. चमचाभर स्वच्छ रस आला. पुन्हा ओढली. नुसती हवा.

“दार उघडं,” डॉक्टर म्हणाले. “अल्सर आहे, पण कापायचं कारण नाही.”

मग त्यांना पेज पाजली. पहिल्या घोटालाच त्यांचे कान टवकारले. “तांदळाची काय?”

“होय, अण्णा.”

“कालपासून अन्न नको अन्न नको म्हणून ओरडतोस, आणि आता अन्नच पाजतोस!”

त्यांचे हाल तिथे संपले नाहीत. आमच्या संशोधनात निम्म्या रोग्यांना दर दोन तासांनी दूध आणि बेचव मऊ खाणं द्यायचं होतं, निम्म्यांना घरचं रोजचं जेवण. कुणाला काय, ते बंद लिफाफ्यातून निघे. नरसिंहरावांच्या लिफाफ्यातून दूध निघालं. दीड महिना हा माणूस मशीनवर बाटली ठेवून दूध पीत राहिला.

“कन्नडात दुधाला हालु का म्हणतात, ते आत्ता कळलं,” ते म्हणायचे. “तुमच्या मराठीने आधीच सांगून ठेवलंय.”

शेवटी हिशेब झाला तेव्हा आमच्या वॉर्डात तरी दोन्ही गट सारखेच निघाले. दूध पिणारे जेवढे सुधारले, तेवढेच घरी सारू-अन्न ओरपणारेही सुधारले. मी हे सांगितलं तेव्हा नरसिंहराव कात्री हातात धरून उठून पुढे आले. कात्री मोठी होती, मी दोन पावलं मागे सरकलो.

डॉक्टरांचा निबंध छापून आला, त्यात तळाला एक बारीक ओळ होती. एका रुग्णाची पहिली चाचणी भाषेच्या कारणाने वगळली आहे. “तो एक रुग्ण मी,” असं सांगत नरसिंहराव ती ओळ कित्येक दिवस गिऱ्हाइकांना दाखवत होते. लग्नाचा कोट न्यायला आलेल्या नवऱ्या मुलालाही दाखवली. त्याला घाई होती, तरी.

माझी शिक्षा त्यांनी त्याच वर्षी ठरवली. “तुझ्यापायी दुसऱ्यांदा नळी गिळली. एक ऊट, एक जेवण, तुझ्याकडे लागू. हॉटेलात नाही. तू रांधायचं, तू वाढायचं, आणि पानात अन्न पाहिजे. आमचं अन्न.”

मी कबूल झालो. स्टोव्हवर भात शिकलो. पहिल्याची लापशी झाली, दुसरा गोळीबाराला उपयोगी पडला असता. तिसरा जमला आणि मी बोलावणं घेऊन गेलो, तर अक्कांनी दारातच पाट मांडला होता. “आलात तसे आधी दोन घास घ्या.” दोन घासांनंतर संध्याकाळपर्यंत कुणी कुठे जातं का?

मग नोकरी धारवाडला गेली. बंगळूरला कामाने जातो, तेव्हा चिकपेठेच्या मागच्या त्या गल्लीत वळतोच. नरसिंहरावांचं पोट अधूनमधून कुरकुरतं, ते त्याच्यावर ओरडतात, पण टाका पडलेला नाही. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा निश्चयाने सांगितलं, मित्राची खोली घेतली आहे, तांदूळ आणलाय, उद्या तुम्ही दोघं या.

नरसिंहरावांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे बघितलं आणि मिशीत हसले.

“उद्या एकादशी की, तम्मा. अन्न नाही.”

“मग परवा?”

“परवा द्वादशी,” अक्का आतून म्हणाल्या. “घरचं पारणं सोडून माणूस दुसऱ्याच्या घरी जेवतं काय? तुम्हीच या इकडे.”

गेलो. सारू-अन्न दोनदा मागून घेतलं. मित्राच्या खोलीतला तांदूळ अजून तिथेच आहे.