सासूबाईंचं मिरचीचं मलम

मार्चमधला दुसरा रविवार, दुपार. हजर : सासूबाई, कागलहून आलेली नणंद आणि मी. नवरा आतल्या खोलीत झोपलेला, म्हणजे गैरहजर.

सासूबाईंना नागीण होऊन गेली होती. खपल्या पडल्या, कातडी भरून आली, पण बरगडीखालची आग काही जाईना. पोलक्याची शिवण लागली तरी कळवळायच्या. डॉक्टरांनी मलम दिलं, त्यात मिरचीतलाच तिखट अर्क. दिवसातून चार वेळा, हातमोजा घालून, न चुकता लावायचं. आधी झोंबतं, पण लावत राहिलं की कातडीतल्या नसा थकतात आणि दुखणं वर कळवायचं कमी करतात, असं त्यांनी समजावलं. नाहीच उतरलं तर गोळी वाढवणार होते. ती मला नको होती, कारण आहे त्याच गोळीच्या गुंगीत सासूबाई न्हाणीत एकदा पडल्या होत्या.

मी फ्रिजवर तक्ता चिकटवला, मलम लावलं की त्यावर खूण करायची. पहिल्याच दिवशी हातमोज्यावरून भांडण.

"चाळीस वर्सं चटणी हातानं कालवली. मला मोजं घालायला लावतीस व्हय?"

तशाच बोटांनी मलम चोपडलं आणि डोळा चोळला. मग अर्धा तास नळाखाली. "आता माझी मी लावीन, मोजं घालून. तू नगं," म्हणाल्या. मी ऐकलं.

तीन आठवडे एक खूण चुकली नाही. दुखणं तसूभर हललं नाही. शेवटी डॉक्टरांनी सोमवारपासून मोठी गोळी लिहून दिली.

आणि रविवारी नणंद आईच्या उशाशी चष्मा शोधायला गेली, तर हातात दोन नळ्या घेऊन बाहेर आली.

"आई, ही मलमाची नळी भरलेलीच हाय की! आणि हे माझ्या पोरीचं तोंडाला लावायचं जेल. दिवाळीपासनं शोधतीया ती."

"त्येनं गार वाटतंय. तुमच्या मलमानं भाजतंय. आधीच भाजल्यालं, त्यावर मिरची कोण लावतंय गं?"

त्या जेलमध्ये पुदिन्याचा अर्क. तोही नसांनाच फसवतो. कातडी गार होत नाही, नुसती गार वाटते. अर्ध्या तासात पुन्हा आग. मी हे सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

"आणि तक्त्यावरच्या खुणा, आत्या?" मी सासूबाईंना विचारलं.

"तुला बरं वाटावं म्हणून की."

नणंद हसून हसून खाली बसली. मला हसू येईना. तीन आठवडे मी खुणा मोजल्या, नळी एकदाही उघडून पाहिली नाही.

"डॉक्टरला सांगू नगंस," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आजी लई शिस्तीच्या, म्हणालाय त्यो."

मोठी गोळी घरात येऊन पडली आहे. ती सुरू करायच्या आधी डॉक्टरांना फोन करून, मलम पहिल्या दिवसानंतर लावलेलंच नाही, हे सांगायचं आहे. दवाखाना रविवारीही संध्याकाळी सहाला उघडतो. आता सव्वासात झालेत, आणि सासूबाई माझ्या मोबाईलवर उशी ठेवून बसल्या आहेत.