हं, मॅडम, मग?

कंपाउंडच्या भिंतीवर हनुवटी टेकवायची, "हं, मॅडम, मग?" म्हणायचं आणि गप्प उभं राहायचं, ही आमच्या शेजारच्या, मिलिटरीतून रिटायर झालेल्या हवालदारांची रोजची सवय. मॅडम म्हणजे माझी नात. तोंडात अजून एक दात नव्हता.

गप्पा मारणारी माणसं उंब्रजमध्ये काय कमी आहेत? पण तान्ह्या पोरीच्या उत्तरासाठी ताटकळत उभा राहिलेला माणूस तुम्ही तरी पाहिलाय का?

"आज मळ्यातली मोटर जळली, मॅडम. वायरमन म्हनतोय, उद्या येतो. हं, मग?"

पोर हातपाय झाडायची. "अंऽ गूऽ."

"व्हय, तेच म्हनलो मी त्याला."

मग वायरमन काय म्हणाला ते सांगायचे आणि पुन्हा थांबायचे. तीही पुन्हा काहीतरी ऐकवायची. मला हसू यायचं, पण त्याहून जास्त पोटात दुखायचं. सून नि मुलगा कराडला नोकरीवर, पोर दिवसभर माझ्या मांडीवर. दुपटी मी बदलायची आणि गप्पा मात्र यांच्याशी.

तिचा पहिला शब्द 'आबा' असावा, एवढीच माझी इच्छा होती. एसटीत कंडक्टर होतो, आवाज कमावलेला. त्याच आवाजात "आबा म्हण, आबा" असा सकाळपासून सपाटा लावायचो. ती माझ्याकडं बघत अंगठा चोखत राहायची. पलीकडं चपला वाजल्या की अंगठा लगेच बाहेर. हवालदार तिला कधीच काही म्हणायला सांगत नसत.

एकदा मी चिडलोच. "आवं हवालदार, तिला काय कळतंय मोटर आन् वायरमन?"

त्यांनी हनुवटी उचलली नाही. "माजी दोन्ही पोरं बोलाय लागली तवा मी बॉर्डरवर, कंडक्टर. सुट्टीला आलो तर घडाघडा बोलत हुती. त्यांनी आईला इचारलं, ह्यो बाबा कोन? तुमी लय नशीबवान हायसा."

म्हणजे हेवा त्यांनाही वाटत होता, आणि तो माझा. ऐकून बरं वाटलं, वाईटही वाटलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना चहाला बोलावलं, पण पोर काही त्यांच्या मांडीवर दिली नाही.

उन्हाळ्यात ती बोलली. भिंतीकडं बघून, अगदी स्पष्ट. "मग?"

हवालदारांनी टॉवेलनं डोळे पुसले. मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही.

दिवाळीनंतर त्यांच्या छातीत कळ आली आणि कराडला नेईपर्यंत सगळं संपलं.

परवा पोर आमच्या ओट्यावर खांब धरून उभी होती. भिंतीकडं बघून म्हणाली, "मग?" थांबली. पुन्हा म्हणाली, "मग?" मला ऐकवेना. फाटकातून वळसा घालून मी हवालदारांच्या अंगणात गेलो आणि भिंतीवर हनुवटी टेकवली.

"आज मळ्यातली मोटर जळली, मॅडम," म्हणालो आणि गप्प उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मग?" पण बघत होती ती माझ्या खांद्यावरून, मागं, त्यांच्या बंद दाराकडं.