मास्तरांचं हेल्मेट

मास्तर चिडले की आधी वर्कशॉपचा मेन स्विच बंद करायचे, मग ओरडायचे. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या छोट्या आयटीआयत ते वेल्डिंग शिकवायचे आणि वेल्डिंगला आलेली मी पहिली मुलगी. "डोळं बाजारात मिळत न्हाईत," हे त्यांचं रोजचं बोलणं. एकदा वेल्डिंगच्या लखलखाटानं एका विद्यार्थ्याचे डोळे असे सुजले की दोन दिवस उघडेनात. मास्तर स्वतःवरच संतापले.

त्यातूनच ते हेल्मेट झालं. जुन्या हेल्मेटात मोबाईल बसवला, संगणकाच्या शिक्षकांच्या मागे लागून प्रोग्रॅम लिहून घेतला. हातात न पेटलेला रॉड, डोळ्यांसमोर मोबाईलच्या पडद्यावर मात्र ठिणग्या. हात थरथरला की जोड वाकडा दिसायचा. कितीही चुका, डोळ्यांना इजा नाही.

राहुरीच्या प्रदर्शनात त्यांनी ते मांडलं. एका कंपनीचे दोन इंजिनिअर खोदून खोदून विचारत होते आणि मास्तर खोलून दाखवत होते. "सर, सगळंच कशाला सांगताय?" मी म्हटलं. माझ्यावरच खेकसले, "मी शिकवनारा मानूस हाय, लपवनारा न्हाई!"

पुढे इंजिनिअरिंग करून मी पुण्यात एका खासगी फर्ममध्ये पेटंटचे अर्ज तपासायच्या नोकरीला लागले. आभासी वास्तवाच्या अर्जांचा नुसता पूर आला होता. चष्मे, हातमोजे, हेल्मेटं. एका आकृतीपाशी मी थबकले. हे तर मास्तरांचंच हेल्मेट! मोबाईल धरायला मास्तरांनी सायकलच्या कॅरिअरची स्प्रिंग लावली होती. तीसुद्धा जशीच्या तशी! संशोधक म्हणून राहुरीत भेटलेल्या त्या दोन इंजिनिअरांची नावं.

मी मास्तरांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "स्प्रिंगबी?"

विरोध नोंदवायचा ठरला, पण प्राचार्यांनी मास्तरांना सही करू दिली नाही. "संस्थेला कोर्टकचेरी नको." असा विरोध कायद्यानं कुणीही करू शकतं, मग मी माझ्या नावानं केला, प्रदर्शनात काढलेला व्हिडिओ जोडला. सुनावणीत कंपनीचे वकील म्हणाले, "ते तर गॅरेजमधलं खेळणं!" शेजारी बसलेले मास्तर उसळले, "खेळनं हाय, तर चोरलं कशाला?"

कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. मी पेढे घेऊन पाथर्डीला गेले. त्यांना सांगावं लागलं की आधीच लोकांसमोर मांडल्यामुळे आता पेटंट त्यांनाही मिळणार नाही.

"मला नकोच हाय. माझं नाव कुठं लिव्हलंय?"

निकालात होतं, 'राहुरी येथे पूर्वी प्रदर्शित झालेले एक उपकरण.' एवढंच. मास्तरांनी पेढे मुलांना वाटले, स्वतः एकही खाल्ला नाही.

वर्षभरात ते गेले. शोकसभेत प्राचार्यांनी फोटोला हार घातला, म्हणाले, "मास्तर म्हणजे आपल्या संस्थेचा अभिमान." मी मागच्या रांगेतून उठले आणि विचारलं, "मग त्यांची सही कुणी अडवली होती, सर?"

प्राचार्यांनी माईक खाली ठेवला. मी उभीच राहिले.