ढवळीचा पान्हा

निजामाच्या अमलात पिशोरची दगडाबाई औरंगाबादेच्या एका शेतकी कॉलेजात गोठ्यावर कामाला होती. पोरं उर्दू किताबांतून गुरांची निगा शिकत; परीक्षेत मात्र ढवळी गाईची धार काढून दाखवावी लागे. ढवळी परक्या हाताला पान्हा सोडतेय कशाला? म्हणून दगडाबाई तिच्या तोंडाशी उभी राहून गळ्याखाली खाजवत राही, आणि पोरं पास होत. परीक्षकांना वाटे, कॉलेज लई चांगलं शिकवतं.

एका साली परीक्षेच्या वक्ताला ती तापानं फणफणली. अकराही पोरांच्या बादल्या कोरड्या राहिल्या.

बरी होऊन आली तर दावणीला नवी गाय.

"ढवळी कुठंय, शौकतमियां?" तिनं चपराशाला विचारलं.

"कॉलेजाच्या मोठ्या साहेबांनी इकली. परीक्षेच्या लायक नाय म्हणाले."

दगडाबाई नव्या गाईच्या गळ्याखाली हात घालून खाजवू लागली.