कचऱ्यात गेलेले गुलाब

मला लिहायची सवय नाही. आमच्या बीजोत्पादक शेतकरी कंपनीच्या वार्षिक अंकात धम्मशीलेवर कुणीतरी लिहावं असं ठरलं आणि बाकीच्या संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणता आलं नाही. चुकलं असेल तिथे छापणाऱ्याने खोडावं.

धम्मशीला चिखलीच्या ऑफिसात संगणक सांभाळते. ती चिडकी आहे. कौतुकाच्या लेखात असलं लपवतात आणि मग माणूस ओळखू येत नाही, म्हणून आधीच सांगितलं. रागावली की ओरडत नाही. चपला काढून टेबलाखाली सारते आणि कीबोर्डवर खिळे ठोकल्यासारखी बोटं आपटते.

कंपनीचा ईमेल सर्व्हर तिनेच उभा केला. टपाल कंपनीच्या नावाचं, आपल्या घरचं पाहिजे, ही अध्यक्ष इंद्रभानजींची हौस. कपाटाशेजारी त्याचा डबा घरघरत असतो. यंदा उन्हाळ्यात त्यातून गेलेली पत्रं पोचेनाशी झाली. उलट इशारे यायचे की तुमचं पत्र संशयास्पद वाटतं, ते स्पॅममध्ये, म्हणजे नकोशा टपालाच्या कचऱ्यात टाकलं आहे. आमच्या सभासद गीताबाईंच्या कांदा बियाण्याचा तपासणी अहवाल अकोल्याच्या खरेदीदाराला पुन्हा पुन्हा पाठवला, तरी उत्तर नाही.

"पोरी, तुह्या डब्याले जमत नसंन तर सांग," इंद्रभानजी सगळ्यांदेखत म्हणाले. "सोमवारच्या मीटिंगमधी पुण्याच्या एजन्सीले काम देऊन टाकतो. तुले मंग घरी आरामच आराम."

तिचं घर त्या नोकरीवर चालतं, हे त्यांना माहीत होतं. धम्मशीलेच्या चपला टेबलाखाली गेल्या.

मग तिने सगळं उकरलं. पत्र खरंच आमच्या सर्व्हरवरून निघालं याची खूण, प्रत्येक पत्रावर उमटणारी डिजिटल सही, सगळं तपासलं. इंटरनेटवाल्याशी भांडली. नंतर कळलं, त्याचा काही दोष नव्हता.

"सगळं बराबर हाय काका. मंग काऊन अडते?" तिने मला विचारलं.

काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "त्या अकोल्याच्या माणसालेच इचारलं तर?"

"त्याले काय कयते सर्व्हरातलं?" असं म्हणत तिने फोन लावला, स्पीकरवर.

"ताई, तुमचं पत्र तर रोजच येत होतं," तो म्हणाला. "गुलाबाचं फूल, शुभ सकाळ. लय दिवस सहन केलं. मंग स्पॅमचं बटन दाबून टाकलं."

फोन ठेवून तिने डब्यातून गेलेल्या पत्रांची यादी उघडली. बैठकीच्या सूचनांसाठी तिनेच 'सर्व' नावाचा एक पत्ता करून दिला होता. त्यावर पाठवलं की सभासद, खरेदीदार, बँक, कृषी खातं, सगळ्यांना एकदम जातं. इंद्रभानजी पहाटे उठून त्यावर गुलाब पाठवत होते. सणाला पणती, कुणी वारलं तर जोडलेले हात. लोकांनी कंटाळून ते बटण दाबलं आणि मोठ्या ईमेल कंपन्यांनी आमचा सर्व्हरच उपद्रवी ठरवला.

मला राग सहसा दाखवता येत नाही. त्या दिवशी चहाचा कप टेबलावर आपटला. गीताबाईंनी मधमाश्या टिकाव्या म्हणून फुलोऱ्यात फवारणी टाळून ते बी जपलं होतं, आणि ते अडलं या असल्या फुलानं.

सोमवारच्या बैठकीत तिने हे मांडलं, तेव्हा इंद्रभानजी म्हणाले, "लोकायले शुभ सकाळ म्हणनं गुन्हा झाला काय? धंदा संबंधावर चालते."

"मंग घरोघर जाऊन ठेवा न संबंध," धम्मशीला म्हणाली. "माह्या डब्यातून काऊन?"

गीताबाई पदर खोचून उठल्या. "पुन्याचा मानूस आनून काय करता बाप्पा? तो काय फूल थांबवनार हाय? तुम्ही त्याच्या डब्यातून हार पाठवसान."

सगळे हसले. इंद्रभानजी सोडून. एजन्सीचं नाव पुन्हा निघालं नाही.

धम्मशीलेने 'सर्व' पत्त्याला कुलूप लावलं. आता त्यावर फक्त तीच पाठवू शकते. अकोल्याच्या माणसाने अहवाल कचऱ्यातून काढला, बी विकलं गेलं. पण सर्व्हरची गेलेली पत हळूहळूच परत येते. अजून कुठेतरी आमचं पत्र अडतं आणि चपला टेबलाखाली जातात.

इंद्रभानजींनी चूक कबूल केलेली नाही. रोज सकाळी ते तिच्या टेबलासमोर उभे राहून मोठ्याने "शुभ सकाळ" म्हणतात.

ती मान वर करत नाही. "पोचलं साहेब. उत्तराची वाट पाहू नका."