जेवलं म्हणजे जमलं

कळसाडीच्या भिलानानाच्या ओट्यावर पाय ठेवून कोणी उपाशी परत गेलं, असं कोणी दाखवून द्यावं. नाही दाखवता येणार. मीटर बघायला आलेला माणूस असो, नाही तर बांधावरून तावातावाने भांडायला आलेला शेजारी, नाना त्याला आधी पाटावर बसवणार. "पहिले जेवी ल्या, मंग बोलूत," हे एकच वाक्य त्याने जन्मभर सगळ्या अडचणींवर वापरलं. एकदा उसाला पाणी द्यायच्या पाळीवरून चुनीलाल कुऱ्हाड घेऊन आला होता. नानाने कुऱ्हाड कोपऱ्यात ठेवायला लावली आणि बायकोच्या, नर्मदाबाईच्या हातची शेवभाजी त्याच्यापुढे ठेवली. चुनीलाल नाक पुसत पुसत जेवला आणि पाळी सोडून घरी गेला. एवढं खाल्ल्यावर भांडायला अंगात जोर तरी उरतो का?

सोयरिकीच्या बाबतीत तर त्याचा कायदा पक्का होता, आणि तो काही त्याने एकट्याने केलेला नव्हता. त्यांच्याकडे पूर्वीपासून तसंच. स्थळ पसंत नसेल तर चहा घ्यायचा, रामराम करायचा आणि उठायचं. जेवायला बसलात म्हणजे होकार दिलात, आणि वर गोड खाल्लं तर मग ब्रह्मदेव आला तरी मागे फिरायचं नाही. नानाचं स्वतःचं लग्न असंच ठरलं. नर्मदाबाईच्या घरी त्याचा बाप सकाळपासून नुसत्या पाण्यावर बसून होता. शेवटी दुपार कलल्यावर त्याने भाकरी मोडली आणि गुळाचा खडा तोंडात टाकला, तेव्हा आतल्या बायका हसल्या. ते हसणं नानाला अजून आठवायचं. जेवलं म्हणजे जमलं.

याच कायद्याने पुढे त्याचा जीव नकोसा केला. मुलगा नवनीत चाळिशीकडे झुकला. पोरगा निर्व्यसनी, शेती बागायती, स्लॅबचं घर, दारात ट्रॅक्टर. पण पोरीकडच्यांना नोकरीवाला पाहिजे, आणि तोही शहरातला. लोक यायचे, सतरंजीवर बसायचे, ट्रॅक्टरचं कौतुक करायचे, चहा प्यायचे. आतून ताटं आली की कोणाला तरी एकदम बस आठवायची. वाढलेली ताटं तशीच आत जायची. नर्मदाबाई होती तोवर ती पदराने डोळे पुसून ती ताटं झाकून ठेवायची. ती गेली, आणि मग पाहुण्यांच्या दिवशी नानाची विधवा बहीण गुलाबबाई दोन गल्ल्या ओलांडून स्वयंपाकाला येऊ लागली. हळूहळू पाहुणेच यायचे बंद झाले. घरात दोन पुरुष, एक खाट इकडे, एक खाट तिकडे. संध्याकाळी दोघांत मिळून खिचडी, आणि टीव्ही चालू ठेवायचा, म्हणजे बोलावं लागत नाही.

अशात नंदुरबारचं स्थळ आलं. मुलगी चारुलता, तिशी उलटलेली, तिथल्या एका लॅबमध्ये कामाला. वडील नाहीत. आई वत्सलाबाई आणि काका सुकलाल बघणार. काकांनी कळवलं की एकदम घरी नको, नंदुरबारातच एखाद्या हॉटेलात भेटू, सगळे सोबत जेवू, ओळख होईल.

बाकी काही नानाच्या कानांत शिरलंच नाही. सोबत जेवू. पोरीकडचे स्वतःच्या तोंडाने जेवायचं म्हणतायत! त्याने गुलाबबाईला ते पुन्हा पुन्हा सांगितलं. नवनीत म्हणाला की शहरात लोक हॉटेलात जेवतातच, त्यात विशेष काही नसतं. नानाने त्याला गप्प केलं आणि ठेवणीतलं धोतर इस्त्रीला दिलं.

हॉटेल गोकुळछाया. बाहेर हिरव्या अक्षरांत 'शुद्ध शाकाहारी', आत इतका गारठा की नानाने उपरणं कानांवरून घेतलं. पाहुणे आले, रामराम झाला. चारुलता नवनीतच्या समोर बसली. तिने पिकाचं विचारलं, त्याने उत्तर दिलं. त्याने लॅबचं विचारलं, तिने उत्तर दिलं. मग दोघं पाण्याच्या ग्लासांकडे बघत राहिले. एवढ्यात जेवण आलं आणि नाना सावरून बसला.

आता त्या जेवणाचं काय सांगावं. ज्या गावात मिरची वाळवायच्या पथारीजवळून जाताना डोळ्यांना धारा लागतात, त्या गावातली शेवभाजी गोड! रस्सा टोमॅटोचा, वर साय, आणि शेव विरघळून तळाला बसलेली. भरताचं वांगं विस्तवाजवळून गेलं असेल तर शपथ. रोटी तोडायला दोन्ही हात लागत होते. नर्मदाबाईने ते ताट गायीपुढेही ठेवलं नसतं. नानाने एक घास घेतला आणि ताट बाजूला सारलं, ते सारलंच. पण त्याला त्याचं काही नव्हतं. त्याचं सगळं लक्ष समोरच्या ताटांत होतं.

सुकलाल जेवत होता. वत्सलाबाई जेवत होती. चारुलता तर मान खाली घालून मुकाट्याने जेवत होती. वेटरच्या हातातलं भांडं काढून घेऊन नाना स्वतः वाढायला उठला. आजूबाजूचे लोक बघायला लागले, नवनीतने बापाचा सदरा ओढला, पण नाना ऐकतो कसला. घ्या ताई, एवढ्याने काय होतंय, पोरीला आणखी एक रोटी वाढू द्या. चारुलताने वर बघितलं, जरा थांबली आणि ताट पुढे केलं. नानाने मोठी बघून रोटी वाढली. मग गुलाबजाम आले. त्याने तिच्या वाटीत दोन घातले. तिने ते खाल्ले.

नाना पाणी बघतो म्हणून बाहेर आला आणि त्याने गुलाबबाईला फोन लावला. "जेवी ऱ्हायनात वं. पोरनी गोडबी खादं. आळीमा पेढा वाटी दे." पलीकडे गुलाबबाई रडायलाच लागली. देवघराजवळच्या नर्मदाबाईच्या फोटोपुढे पहिला पेढा ठेव, असं सांगून नानाने फोन ठेवला. किती वर्षांनी त्याच्या छातीवरचा दगड उतरला होता. सून येईल, संध्याकाळी घरात बोलणं होईल, टीव्ही बंद करता येईल, असलं काय काय त्याच्या मनात येऊन गेलं.

तो आत वळला, तर बेसिनपाशी चारुलता हात पुसत उभी होती. त्याची वाट बघत असावी.

"काका, घरून फोनवर कळवायचं ठरलंय," ती म्हणाली. "पण तुम्हाला तोंडावरच सांगते. माझं नाही जमणार. नवनीत चांगला माणूस आहे. पण मला नोकरी सोडून गावात राहायचं नाही. आईच्या आग्रहाने आले होते."

नानाला आधी ते नीट कळलंच नाही. त्याने तिच्या हाताकडे बघितलं, तिच्या तोंडाकडे बघितलं.

"पण... तू जेवलीस ना बेटा?"

"हो. सकाळपासून लॅबमध्येच होते, भूक लागली होती." ती घुटमळली. "खरं सांगू का, जेवण काही बरं नव्हतं. पण तुम्ही इतक्या मायेने वाढत होता. मला नाही म्हणवेना."

एवढं बोलून ती खाली वाकली आणि नानाच्या पाया पडली. वाईट पोरगी असती तर बरं झालं असतं, नानाला शिव्या तरी देता आल्या असत्या.

नंतर सुकलालने 'कळवतो' म्हणत हात जोडले, आणि नानानेही जोडले. परत येताना मोटारसायकलवर तो नवनीतच्या मागे बसला होता. प्रकाशा गावच्या पुलावर त्याने खिशातून फोन काढला. गुलाबबाईला सांगायला हवं होतं, वाटू नको म्हणावं. खाली तापीचं पाणी संथ होतं. त्याने फोन हातात धरून ठेवला आणि पूल संपल्यावर परत खिशात टाकला.

"पोर नही म्हनस," तो नवनीतच्या खांद्यामागून म्हणाला.

नवनीतने गाडी हळू केली. "माले समजनं व्हतं, नाना. ती बसनी तवयच समजनं. पन तुम्ही इतला खूश व्हतात, मन्हा तोंडमाईन शब्दच निंघना नही."

मग त्याने पुन्हा वेग वाढवला आणि गाडी कळसाडीला लागली.

आळीच्या तोंडाशीच लोक उभे होते. चुनीलालने पुढे होऊन नवनीतच्या पाठीवर थाप मारली. गुलाबबाई नवी साडी नेसून ओट्यावर उभी होती, हातात पेढ्यांचा पुडा. नाना पायरीवर पोचला तशी तिने पेढा त्याच्या तोंडाशी नेला.

"तोंड उघड भाऊ. कवय शे लगीन, कोनती तारीख?"

नानाने तोंड उघडलं नाही. पेढा त्याच्या ओठांना लागून मिशीला चिकटला. बहिणीने हसत हसत पुन्हा आग्रह केला, अरे खा ना, वाढायच्या नादात तू स्वतः जेवला नसशील. आणि खरंच जेवला नव्हता. नानाने तिचं मनगट धरलं आणि हात हळूच खाली केला.

गुलाबबाईने आधी भावाकडे बघितलं, मग नवनीतकडे. नवनीत गाडी लावून, मान खाली घालून तिच्या बाजूने आत गेला. आतून कुकर लावल्याचा आवाज आला. मग टीव्ही लागला.

मागोमाग ओट्यावर आलेल्या माणसांच्या हातांत अर्धेअर्धे पेढे होते. चुनीलालने आपला उरलेला तुकडा पुड्यात परत ठेवला. एकेक जण रामराम न करताच निघून गेला. त्यांना जेवून जा म्हणायचं नाना त्या दिवशी विसरला.